गुरुवारचा सराव

प्रिय मिरी,

तुला या नावाने हाक मारून चार वर्षं होत आली. पाकिटावर तुझं पूर्ण नाव नीट लिहिलं आहे, कारण मिरी कोण हे टपालवाल्याला कुठून कळणार. पण आत लिहायला बसले तर दुसरं नाव हाताला येईना. संडे स्कूलमध्ये तू पहिल्या बाकावर बसायचीस, एवढीशी, पण तोंड उघडलंस की झणझणीत. मी शेवटच्या बाकावर, कारण माझ्या मागे बसणाऱ्याला फळा दिसायचा नाही. मी तुला मिरी म्हटलं, तू मला शिडी म्हटलंस, आणि पाळकबाईंनी दोघींना एकदम कोपऱ्यात उभं केलं. कोपऱ्यातही तू माझं कोपर धरून हसत होतीस, कारण खांद्यापर्यंत तुझा हात पोचत नव्हता. तेव्हापासून चाळीस वर्षं आपण एकमेकींना काही सांगायला कधी घाबरलो नाही. गेली चार वर्षं मी घाबरते आहे. मंडळीतल्या बायकांना वाटतं, तू माझ्याशी बोलणं टाकलंस. तसं नाही गं. आधी मी टाकलं. तुझा फोन आला की मी तो वाजू द्यायची, आणि वाजायचा थांबला की मला रडू यायचं. तू सहा-सात वेळा केलास आणि मग सोडून दिलंस. कोणीही सोडलं असतं.

दुकान चालू आहे. सकाळी शटर वर केलं की भिंगांच्या कपाटावर ऊन येतं आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचे लहान लहान गोल पडतात, पाण्याखाली असल्यासारखे हलत राहतात. माझा जवळचा नंबर वाढला आहे. चष्मेवालीला चष्मा लागला म्हणून गिऱ्हाइकं हसतात. गेल्या आठवड्यात एक आजोबा आले. तक्त्यावरची अक्षरं वाचा म्हटलं तर म्हणाले, "बाई, वरच्या दोन ओळी मला पाठ आहेत, त्या विचारू नका, उगाच फसाल." मला इतकं हसू आलं, आणि हसता हसता वाटलं, हे मिरीला सांगायला हवं. असं रोज एकदा तरी होतं. चर्चच्या गायनवृंदात आता चौदा जण आहेत. दातांची डॉक्टर असलेली एक तरुण मुलगी त्यांना शिकवते. चांगली शिकवते, फक्त बेसूर गाणाऱ्याकडे अशी बघते की त्याची दाढच काढायची आहे. मी शिकवणं सोडलं हे तुझ्या कानावर आलं असेलच. का सोडलं ते मी प्रत्येकाला वेगळं सांगितलं आहे. कोणाला सांगितलं घसा बसतो, कोणाला दुकान सुटत नाही. पाळकसाहेबांना म्हटलं, वय झालं. ते माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे आहेत, त्यामुळे त्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडे.

भाऊजींची आठवण काढू का? काढतेच, तू रागावलीस तर रागाव. तू त्यांना पहिल्यांदा सरावाला घेऊन आलीस तो दिवस मला डोळ्यांसमोर आहे. लग्न ठरायचं होतं अजून. तू लिफ्टच्या कंपनीत फोनवर तक्रारी नोंदवून घ्यायचीस आणि ते त्याच कंपनीत दुरुस्तीला होते. तू मला म्हणालीस, "हा फोनवर इतक्या खालच्या आवाजात बोलतो की लिफ्ट तळघरात गेली असं वाटतं. तुझ्याकडे खालचा सूर धरणारं कोणी नाही ना, मग घे याला." ते दारात उभे, हातात टोपी, बुटांना ग्रीस. मी एक सूर दिला आणि त्यांनी तो धरला, तर बाकाचं लाकूड माझ्या हाताखाली थरथरलं. आणि ती उंच इमारत आठवते? तू त्यांचा डबा द्यायला निघालीस आणि मी उगीच सोबत आले. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं, आत नुसता काळोख, आणि वरून कुठून तरी गाणं खाली येत होतं. लिफ्ट जिथून वरखाली जाते त्या उभ्या पोकळीला ते विहीर म्हणायचे. विहिरीत उतरल्यावर गायलो की आपण किती खोल आहोत ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. त्या दुपारी मजल्यामजल्यावर माणसं आपापल्या दारात येऊन उभी होती, कोणाच्या हातात लाटणं, कोणाच्या हातात वर्तमानपत्र. एक बाई आपल्याला विचारायला लागल्या, रेडिओ कुणाकडे लागलाय? तू अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, "माझ्याकडे." असे ते. आणि प्रार्थना मात्र कधी मोठ्याने करायचे नाहीत. सभेत प्रार्थनेला उभं केलं की "प्रभू, आभार. आमेन," एवढं म्हणून खाली बसायचे. पाळकसाहेब म्हणायचे, तुमची प्रार्थना लिफ्टच्याही आधी वर पोचते.

साथ आली तेव्हाचे पहिले आठवडे मला स्वप्नात पाहिल्यासारखे आठवतात. सगळं स्पष्ट, पण आवाज काढून टाकलेला. उपासना संपल्यावर दारात हात मिळवायचे नाहीत असं ठरलं आणि माणसांना आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. कोणी खिशात घालायचं, कोणी छातीशी धरायचं. पाळकसाहेब दारात उभे राहून प्रत्येकाला नुसती मान वाकवायचे, आणि एरवी ज्यांचे हात ते घाईत सोडायचे त्यांच्याकडेही खूप वेळ बघत राहायचे. मग ती सभा झाली, तू होतीस. निवृत्त स्टेशनमास्तर उठून म्हणाले, "देवाच्या घराला कुलूप लावायचं असेल तर आधी माझ्या तोंडाला लावा." त्यावर मागच्या बाकावरची आपली परिचारिका उठली. सरळ कामावरून आली होती, गालावर मास्कच्या दोरीचा वळ. ती म्हणाली, "काका, मी रोज बघते. तो आजार घर कुणाचं आहे ते विचारत नाही." मंडळीत दोन तट पडले, भावाभावांत पडले, काही नवराबायकोंत पडले. प्रार्थनेवर भरवसा असेल तर भीती कशाला, असं एका बाजूचं. भीती वाटते म्हणूनच तर प्रार्थना करतो ना, असं दुसरीचं. मला दोन्हीकडचे लोक विचारायचे, तू कोणत्या बाजूची? मी म्हणायची, मी गायनवृंदाची. सगळे हसायचे. पण ते खरं होतं, आणि ते चांगलं नव्हतं.

कारण मी एक गीत केलं होतं. तुला माहीत होतं मी काहीतरी करते आहे, पण ते माझं स्वतःचं आहे हे मी तुलाही सांगितलं नव्हतं. जुन्या वहीत सापडलं असं म्हणाले होते. शब्द माझे, चालही माझी. आजारी माणसासाठी चार ओळींची प्रार्थना. वर्षभर भिंगं घासताना चाकाच्या आवाजावर मी ती गुणगुणत होते. पुनरुत्थानाच्या रविवारी, ईस्टरला, अकरा जणांनी ती गायची आणि शेवटचा आमेन फक्त भाऊजींनी, एकट्याने, सगळ्यांत खालच्या सुरात. मिरी, माझं आयुष्य भिंगं करण्यात गेलं. भिंग जितकं चांगलं तितकं ते कमी दिसतं. लोकांना त्यातून सगळं दिसतं, भिंग सोडून. मला एकदाच वाटलं होतं की आपण केलेली एक तरी गोष्ट लोकांनी बघावी. तोंडाने म्हणत होते देवासाठी. देवाला ती चाल वर्षभर ऐकू येत होती, त्याच्यासाठी सरावाची गरज नव्हती.

गुरुवारी दुपारी पाळकसाहेबांचा फोन आला. म्हणाले, "उद्यापासून चर्च बंद ठेवायचं ठरलं आहे. आजचा सराव घ्यायचा की नाही, ते मी तुमच्यावर सोडतो." माझ्यावर सोडलं. मी म्हटलं, एकच घेते, शेवटचा, मग प्रत्येकजण घरी बसून म्हणेल. एकेकाला फोन केले. दोघी शिंपिणी बहिणी नको नको म्हणत होत्या, त्यांना मी पटवलं. आणि चारच्या सुमाराला भाऊजींचा फोन आला. हे तुला ठाऊक नाही. त्यांनी विचारलं, "शिडीताई, आज राहू दे का? घरी लेकीची परीक्षा आहे, आणि मला जरा बरं वाटत नाही हे." मी घाबरून विचारलं, ताप आहे का? तर म्हणाले, "छे, तसं नाही. मनाला बरं वाटत नाही." मी हसले. मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्याशिवाय खालचा सूर कोण धरणार? बाकीचे दहा जण हवेत तरंगत राहतील." तेव्हा ते म्हणाले, "बरं, येतो." आणि आले, वेळेच्या पाच मिनिटं आधी.

वारा होता त्या दिवशी. कागद उडायला लागले म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या. मी स्वतः, एकेक करून, सगळ्या. दोन तास गायलो. उन्हाची तिरीप काचांतून येऊन फरशीवर सरकत होती, निळी, मग लाल, मग शिंपिणींच्या केसांवर आणि तिथून भिंतीवर. मी मध्यभागी उभी, अगदी जवळ, कारण मला प्रत्येकाचा आवाज सुटा ऐकायचा होता. तिसऱ्या वेळेला ते गीत जमलं. असं जमलं की संपल्यावर कोणी हलेना. भाऊजींचा आमेन कितीतरी वेळ त्या भिंतींमध्ये राहिला, आणि मला वाटलं, आता मला काही झालं तरी चालेल. झालं मात्र दुसऱ्यांना.

शनिवारी मला ताप भरला. सोमवारी थोरल्या शिंपिणीला, मंगळवारी धाकटीला. बुधवारी भाऊजींना. आठवडा संपेपर्यंत माझ्यासकट सहा जण अंथरुणात. मी दुकानावरच्या खोलीत एकटी होते, खालच्या पायरीवर कोणीतरी जेवण ठेवून जायचं आणि मी खिडकीतून त्याच्या पाठीला आभार म्हणायची. तापात दिवस कळत नव्हते. भिंतीवर मला माझ्या दुकानातली सगळी भिंगं दिसायची, आणि प्रत्येक भिंगात एकेक माणूस, उलटा, लहानसा, गात असलेला. आवाज मात्र यायचा नाही. मी म्हणायची, मोठ्याने गा रे, ऐकू येत नाही. याच दिवसांत पाळकसाहेबांनी पाच वाजताची प्रार्थना सुरू केली. रोज संध्याकाळी पाचला ज्याने त्याने आपापल्या खिडकीत उभं राहायचं आणि आजाऱ्यांची नावं घ्यायची. मी कशीबशी उठून उभी राहायची. समोरच्या इमारतीत स्टेशनमास्तर त्यांच्या खिडकीत, कोट घालून, टोपी काढून. त्यांच्यावरच्या मजल्यावर एक अनोळखी बाई, आपल्या मंडळीतली नव्हे, नुसती बघून बघून तीही उभी राहायला लागली होती. कोणाचे शब्द कोणाला ऐकू जात नव्हते. फक्त ओठ हललेले दिसायचे, सगळ्या रस्त्यावर. मी भाऊजींचं नाव घ्यायची आणि पुढे माझी जीभ अडायची. मला वाटायचं, तापामुळे असेल.

भाऊजींना ताप आला त्याच्या आदल्या दिवसाचं, मंगळवारचं, मला पुष्कळ नंतर कळलं. ऑफिस बंद म्हणून कंपनीने तक्रारींचा फोन तुझ्या घरी जोडून दिला होता. इस्पितळाची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली, आत स्ट्रेचरवर एक म्हातारी आणि तिला नेणारे दोघे कामगार. तू आधी दुसऱ्या दोघा मेकॅनिकना विचारलंस. इस्पितळाचं नाव काढताच दोघांनी नकार दिला, आणि त्यांना कोण नावं ठेवणार? भाऊजी समोर बसून लेकीची वही तपासत होते. ते उठले, अवजारांची पेटी घेतली आणि गेले. वर जाऊन हाताने चाक फिरवत फिरवत त्यांनी लिफ्ट बोटाबोटाने खाली आणली, पाऊण तास. आतली म्हातारी घाबरून ओरडत होती, तर ते वरून तिला म्हणत होते, "आजी, मी आहे वर. अजून थोडं. आता तुमच्या खाली जमीन आली." त्या दोघा कामगारांपैकी एकजण नंतर दुकानात चष्म्याला आला होता, त्याने सांगितलं मला. त्याने चष्मा घातला, आरशात बघितलं आणि रडायला लागला. म्हातारी बरी होऊन घरी गेली, तेही त्यानेच सांगितलं.

अकराव्या दिवशी भाऊजी गेले. तुला त्यांच्याजवळ जाऊ दिलं नाही. परिचारिकेने त्यांच्या कानाशी फोन धरला आणि तू पलीकडून बोललीस. काय बोललीस ते मला माहीत नाही, आणि मला ते माहीत असण्याचा हक्क नाही. मातीला चौघंच होते. बाकी मंडळीने फोनवर ऐकलं. मी पलंगावर बसून ऐकत होते. पाळकसाहेबांचे शब्द वाऱ्यात तुटत होते, मग फावड्याचा आवाज आला, मग पुन्हा वारा. त्या संध्याकाळी पाच वाजता मी खिडकीत गेले तर रस्त्यावरच्या निम्म्या खिडक्या रिकाम्या होत्या. स्टेशनमास्तर होते, पण टोपी घालून, पाठमोरे. पुढे कोणीतरी पाळकसाहेबांना विचारलं की एवढ्या लोकांनी एवढ्या वेळा नाव घेतलं, ते कुठे गेलं? त्यांनी काही समजूत घातली नाही. म्हणाले, "मला माहीत नाही. मी स्वतः रोज तेच विचारतो. पण विचारायला दुसरं कोणी नाही, म्हणून त्यालाच विचारतो." या उत्तरावर काही माणसं मंडळी सोडून गेली. मी मात्र त्या उत्तरामुळेच राहिले असेन.

आणि मग भाऊजींची गोष्ट झाली. माणसं सोडवायला गेला आणि आजार घेऊन आला, असं सगळे म्हणायला लागले. उपासनेत म्हटलं गेलं, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. सहा जण आजारी पडले त्यांत माझंही नाव होतं, म्हणून बायका माझीही चौकशी करायच्या, बिचारी थोडक्यात वाचली म्हणायच्या. कोणी मला विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. मी मान हलवत राहिले. मिरी, आता जे लिहिते आहे ते मी चार वर्षांत कोणालाच सांगितलेलं नाही, पाळकसाहेबांना नाही, देवालाही शब्दांत नाही. त्या गुरुवारी सकाळी मी काचा पुसायच्या स्पिरिटची बाटली उघडली आणि मला वास आला नाही. मी बाटली नाकाशी धरली, हलवली, पुन्हा धरली. कोरं पाणी असावं तसं. हे त्या आजाराचं लक्षण आहे हे तेव्हा आपल्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण अंग मोडून आलं होतं, घशात खवखव होती, आणि दुकानातला रेडिओ आठवडाभर सांगत होता की ज्याला थोडंही बरं नसेल त्याने घरी थांबावं. हे मला ठाऊक होतं. मी एक गोळी घेतली, दमणूक आहे असं स्वतःला सांगितलं, आणि एकेकाला फोन करत सुटले. भाऊजींनी राहू दे का विचारलं तेव्हा माझं कपाळ कढत लागत होतं आणि मी दुसऱ्या हाताने घाम पुसत होते. मग खिडक्या लावल्या. मग मध्यभागी उभी राहिले.

त्यानंतर मला नीट प्रार्थना करता आली नाही. म्हणजे मी रोज करते. इस्पितळांसाठी करते, तुझ्या लेकीसाठी करते, तुझं नाव घेते. प्रभूने शिकवलेली प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणताना क्षमेच्या ओळीपाशी माझा आवाज बंद होतो. शेजारचे म्हणत राहतात आणि मी पुढच्या ओळीला त्यांना गाठते. देवाला सगळं ठाऊक असतं हे मला ठाऊक आहे, पण एखाद्याला ठाऊक असणं आणि आपण त्याला सांगणं यात फार अंतर असतं. तुझ्या बाबतीतही मला आधी तसंच वाटायचं, की मिरीला मनातून ठाऊक असेल, म्हणून तीही येत नाही. त्या समजुतीवर मी चार वर्षं काढली. एका परीने सोयीची होती ती. तू मला दोष देतेस असं धरलं की मला तो तुझ्यासमोर कबूल करायची गरज उरत नव्हती.

गेल्या मंगळवारी दुपारी मी चर्चच्या वरच्या सज्जात होते. गीतांच्या जुन्या पुस्तकांना दमटपणा लागला आहे, ती मी खाली बसून निवडत होते, कठड्याच्या आड, त्यामुळे खालून मी दिसत नव्हते. तू आत आलीस. हल्ली आठवड्यातून एकदा, कोणी नसताना तू येतेस, हे मला पाळकसाहेबांनीही तोवर सांगितलं नव्हतं. तिसऱ्या बाकावर बसलीस आणि मोठ्याने बोललीस. मी उठायला हवं होतं, खोकायला हवं होतं, पण तुझा आवाज इतक्या दिवसांनी ऐकला आणि मी कठड्याआड तशीच ऐकत बसले. तू म्हणालीस, "देवा, मी त्यांना म्हटलं, तुम्ही जा, माणसं अडकलीत. त्यांना जायचं नव्हतं. मी पाठवलं. मी तो फोन उचललाच नसता तर." मग पुन्हा तेच, आणि पुन्हा. क्षमा मागत होतीस. चार वर्षं तू याची क्षमा मागते आहेस, आणि मी माझ्या खोलीत बसून समजत होते की तू माझ्यावर रागावली आहेस. तू गेल्यावर मी सरळ परिचारिकेकडे गेले आणि विचारलं. मंगळवारी लागण आणि बुधवारी ताप, असं होतं का? ती म्हणाली, नाही, एका दिवसात येत नाही, चार-सहा दिवस तरी जातात. बुधवारातून सहा दिवस मागे मोज, मिरी. गुरुवार येतो. शिंपिणी तर इस्पितळाच्या वाटेलाही गेल्या नव्हत्या, आणि त्यांना भाऊजींच्याही आधी ताप आला. म्हणून हे पत्र. चार दिवस लिहिते आहे, तीनदा फाडलं. मला क्षमा कर असं मी इथे लिहीत नाही. ते मागायचं असेल तर तुझ्या दारात उभं राहून मागेन, आणि तू दार लावलंस तर लावलेल्या दाराशी मागेन. पण आधी हे तुझ्या हातात पडू दे. तो फोन उचलून तू तीन माणसांना बाहेर काढलंस. तुझ्या हातून झालं ते एवढंच. पुढच्या मंगळवारी त्या बाकावर बसलीस तर देवाला दुसरं काहीही सांग, त्याच्याशी भांड, रड, गप्प बस. ते क्षमेचं वाक्य मात्र पुन्हा म्हणू नकोस. ते माझं आहे, आणि हे पत्र टपालात टाकून मी आता तेच म्हणायला चर्चमध्ये जाते आहे, मोठ्याने, खिडक्या उघड्या ठेवून.

अजूनही तुझीच,
शिडी